‘सोलोइकिस्मोस’: एका दोषवाचक संज्ञेची व्युत्पत्ती आणि अर्थ

पदव्युत्तर वर्गाला पाश्चात्त्य व्याकरणपरंपरेचा परिचय करून देताना एक लहानशी अडचण दरवर्षी उभी राहते. इंग्रजीत ‘सॉलेसिझम’ म्हणून जी संज्ञा रूढ आहे तिला मराठी प्रतिशब्द कोणता द्यावा? ‘व्याकरणदोष’ म्हटले तर ते फार व्यापक होते. ‘अपशब्द’ म्हटले तर वर्गात हशा पिकतो, कारण आजच्या मराठीत अपशब्द म्हणजे शिवी. मग अध्यापक संज्ञेची व्युत्पत्ती सांगून वेळ निभावून नेतो. ही व्युत्पत्ती बहुतेक ठिकाणी एकाच साच्यात आढळते. आशिया मायनरच्या दक्षिण किनाऱ्यावर, किलिकिया प्रांतात, सोलोइ नावाचे नगर होते. तेथे जाऊन राहिलेल्या अथेन्सच्या लोकांची भाषा मायभूमीशी संबंध तुटल्यामुळे बिघडली. आणि त्या सोलोइकरांसारखे चुकीचे बोलणे म्हणजे ‘सोलोइकिस्मोस’. मीही ही कथा अनेक वर्षे सांगत आलो. ती पुराव्याला उतरत नाही, आणि ती का उतरत नाही हे पाहू लागले म्हणजे संज्ञेच्या मूळ अर्थाविषयीच आपली समजूत बदलावी लागते, असे मला आता वाटते. प्रस्तुत टिपणात त्या कथेची तपासणी करावयाची आहे.

कथेचा प्रसिद्ध आधार म्हणजे इ. स. च्या तिसऱ्या शतकात होऊन गेलेल्या डायोजेनीस लाएर्टिओस याचा तत्त्वज्ञांच्या चरित्रांचा ग्रंथ. त्यातील सोलोनच्या चरित्रात असे सांगितले आहे की, लिडियाचा राजा क्रोएसस याच्याकडे काही काळ राहून सोलोन किलिकियात गेला, तेथे त्याने स्वतःच्या नावावरून सोलोइ नगर वसविले, काही अथीनियन तेथे ठेवले, आणि कालांतराने त्यांची वाणी परकी झाल्यावर ते ‘सोलोइकिझेइन’ करतात असे लोक म्हणू लागले. सोलोनचा काळ आणि हा ग्रंथ यांत आठ शतकांचे अंतर आहे, एवढ्यावरून मी कथा नाकारणार नाही. जुनी माहिती उत्तरकालीन ग्रंथांत टिकून राहिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. परंतु कथेत आतूनच तडे आहेत. सोलोइ नावाची नगरे दोन होती, एक किलिकियातले व दुसरे सायप्रसमधले. आणि सोलोनचे नाव प्लूटार्कने जोडले आहे ते सायप्रसच्या सोलोइशी. किलिकियाच्या सोलोइविषयी भूगोलकार स्ट्राबो सांगतो की, ते अकीयन आणि ऱ्होड्स बेटातील लिंडोस येथील लोकांनी वसविले. तेथे अथीनियनांचा मागमूस नाही. नावांच्या सादृश्यावरून एका सोलोइची गोष्ट दुसऱ्या सोलोइला चिकटली असावी, हे उघड दिसते.

याहून महत्त्वाची साक्ष शब्दाच्या घडणीची आहे. खुद्द डायोजेनीसच त्या ठिकाणी नोंदवितो की, किलिकियाच्या सोलोइचे रहिवासी ते ‘सोलेइस’ आणि सायप्रसचे ते ‘सोलिओइ’. म्हणजे नगरनामापासून रहिवासीवाचक शब्द व्हावयाचा तो असा होतो. ‘सोलोइकोस’ हा त्या पद्धतीने घडलेला शब्द नाही. त्याचा शेवट ‘आग्रोइकोस’ म्हणजे शेतशिवारात राहणारा, गावंढळ, किंवा ‘मेटोइकोस’ म्हणजे परक्या नगरात येऊन राहिलेला, अशा शब्दांच्या शेवटासारखा आहे. ग्रीक श्रोत्याच्या कानाला तो नगरनामापेक्षा या शब्दांच्या जवळचा वाटला असावा. उत्तरकालीन ग्रीक वैयाकरणांनाही नगराची कथा पुरेशी वाटली नसावी. धडधाकट वाणीला केलेली मारहाण अशा अर्थाने शब्दाचे तुकडे पाडून दाखविणारी एक व्युत्पत्ती त्यांच्यात प्रचलित होती. आपल्याकडच्या निरुक्तकारांच्या वाचकाला ही रीत ओळखीची वाटेल, आणि तिच्यावर कितपत विसंबावयाचे हेही त्याला ठाऊक असेल.

कथेला निर्णायक धक्का बसतो तो मात्र शब्दाच्या सर्वांत जुन्या प्रयोगांनी. इ. स. पू. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात एफेससचा कवी हिपोनाक्स याच्या एका त्रुटित रचनेत ‘सोलोइकोस’ या शब्दाचे अनेकवचन येते. तेथे बोलण्याचा, व्याकरणाचा, चुकीचा काही प्रसंगच नाही. पकडून विकल्या जाणाऱ्या परकीय माणसांचा तो उल्लेख आहे. त्यांतले फ्रिजियन मिलेटस नगरात दळणाच्या कामाला विकले जातात असे कवी म्हणतो. त्याच शतकातील आनाक्रेओनच्या एका तुकड्यात हे विशेषण आवाजाला लावलेले आढळते, आणि तो आवाज शांत व्हावा अशी कवीची इच्छा दिसते. दोन्ही कवी आशिया मायनरच्या पश्चिम किनाऱ्यावरचे. दोघांच्याही दृष्टीने ‘सोलोइकोस’ म्हणजे जो आपल्यातला नाही तो, किंवा जे आपल्या कानाला परके ते. आता कालगणना पाहा. क्रोएससचे राज्य सुमारे इ. स. पू. ५६० ते ५४६. सोलोन त्याच्याकडून निघून किलिकियात गेला असे मानले, तर नगर वसणे, तेथल्या अथीनियनांची भाषा बिघडणे, त्यांचे नाव निंदाव्यंजक होणे, आणि मग ते नाव त्यांच्याशी काही संबंध नसलेल्या फ्रिजियन गुलामांना लागणे, हे सर्व हिपोनाक्सच्या काळापर्यंत, म्हणजे एका पिढीच्या आत घडले असे म्हणावे लागेल. हे शक्य नाही. सोलोइ या नावाशी शब्दाचा दूरान्वयानेही संबंध नसेल असे मी म्हणत नाही. भाषा बिघडलेल्या वसाहतवाल्यांची गोष्ट मात्र शब्द रूढ झाल्यावर त्याच्या स्पष्टीकरणासाठी रचली गेली, यात मला संशय वाटत नाही.

भाषिक चुकीशी या शब्दाची गाठ पडलेली दिसते ती हिरोडोटसमध्ये, इ. स. पू. पाचव्या शतकात. तो उतारा पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतो, आणि म्हणून त्यावर थोडे थांबावेसे वाटते. इतिहासाच्या चौथ्या खंडात सौरोमाटाय नावाच्या लोकांच्या उत्पत्तीची हकीकत आहे. ग्रीकांनी युद्धात पकडलेल्या ॲमेझॉन स्त्रियांनी जहाजावरच्या पुरुषांना ठार केले, नौकानयन येत नसल्यामुळे त्या वाहवत सिथियन लोकांच्या किनाऱ्याला लागल्या, आणि पुढे तरुण सिथियन पुरुषांशी त्यांचे संबंध जुळून दोन्ही गट एकत्र राहू लागले. या ठिकाणी हिरोडोटस एक नेमकी नोंद करतो. पुरुषांना स्त्रियांची भाषा शिकता आली नाही. स्त्रियांनी मात्र पुरुषांची भाषा आत्मसात केली. काही परिच्छेदांनंतर हकीकतीच्या शेवटी तो सांगतो की, सौरोमाटाय लोक सिथियन भाषाच बोलतात, परंतु ती पूर्वापार सदोष बोलतात, कारण ॲमेझॉन स्त्रिया ती नीट शिकल्या नव्हत्या. या ‘सदोष बोलतात’ याला त्याने योजलेले क्रियापद ‘सोलोइकिझेइन’ हेच आहे.

या उताऱ्यात तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही की, येथे ग्रीक भाषेचा संबंधच नाही. शुद्धतेचे माप म्हणून जी भाषा धरली आहे ती सिथियन, म्हणजे ग्रीकांच्या लेखी स्वतःच रानटी लोकांची. तेव्हा ‘अशुद्ध ग्रीक बोलणे’ हा अर्थ शब्दात मुळापासून होता असे म्हणता येत नाही. दुसरी, दोष दिसतो तो एखाद्या वाक्यात नव्हे. एका सबंध समाजाची बोली पिढ्यान्पिढ्या तशी आहे, आणि तरीही तिचे वर्णन चूक म्हणूनच केले आहे. तिसरी गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. दोन गट एकमेकांपुढे आले. एकाला दुसऱ्याची भाषा मुळीच जमली नाही, दुसऱ्याला ती बऱ्याच अंशी जमली. ज्यांना जमली नाही त्यांच्या अपयशाला काही नाव पडले नाही. ज्यांनी शिकण्याचे कष्ट केले त्यांच्या पदरात मात्र एक दोषवाचक क्रियापद पडले. हिरोडोटसने दोन्ही विधाने प्रामाणिकपणे केली आहेत. ती एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याचे काम त्याने वाचकावर सोपविले आहे.

व्यक्तीकडून वाक्याकडे ही संज्ञा वळली ती पुढे, तत्त्वज्ञांच्या हातून. ॲरिस्टॉटलने वितंडवादी युक्तिवादांचे जे विवेचन केले आहे त्यात प्रतिपक्षाला ‘सोलोइकिस्मोस’ करावयास भाग पाडणे हा सोफिस्टांचा एक हेतू म्हणून गणला आहे. तेथे त्याने प्रोटागोरसचे मत दिले आहे ते मोठे मार्मिक आहे. क्रोधवाचक ‘मेनिस’ हा शब्द ग्रीकमध्ये स्त्रीलिंगी. प्रोटागोरसच्या मते तो पुल्लिंगी असावयास हवा. त्याचे म्हणणे मानले तर इलियडच्या आरंभीच होमरने त्या शब्दाला स्त्रीलिंगी विशेषण लावून चूक केली असे होते. आणि कोणी ते विशेषण पुल्लिंगी केले तर लोकांना चूक वाटेल, प्रोटागोरसला वाटणार नाही. चूक आहे आणि चूक वाटते या दोहोंमधील भेद येथे प्रथमच स्वच्छ मांडलेला दिसतो.

काटेकोर व्याख्या केली ती स्टोइकांनी. त्यांच्या मते बार्बारिस्मोस म्हणजे प्रतिष्ठित ग्रीकांच्या प्रघाताविरुद्ध असलेला शब्द. सोलोइकिस्मोस म्हणजे ज्याचे घटक परस्परांशी जुळत नाहीत अशी वाक्यरचना. या दोन व्याख्यांचा पोत वेगळा आहे, इकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. पहिलीत माणसे आहेत, आणि तीही प्रतिष्ठित. दुसरीत माणसे नाहीत. केवळ पदांची संगती आहे. मराठीत सांगावयाचे तर ‘पाणी’च्या जागी ‘पानी’ म्हणणे हा पहिला प्रकार, आणि तो दोष आहे की नाही हे कोणाला प्रमाण मानता यावर ठरते. ‘माझा पुस्तक’ किंवा ‘त्याने म्हणाला’ हा दुसरा प्रकार. येथे वाक्याचा एक अवयव दुसऱ्याशी फटकून वागतो. ज्या शब्दाने एके काळी विकावयाची परकी माणसे दाखविली जात, त्याला स्टोइकांनी माणसांपासून सोडविले. आणि हे करणारी मंडळी कोण होती? पंथाचा संस्थापक झेनो सायप्रसमधील किटिओनचा. त्याच्या शास्त्राला बांधेसूद रूप देणारा ख्रिसिपोस हा किलिकियातील सोलोइचा (कोणी त्याला तार्ससचा म्हणतात). त्याच्या ग्रंथांच्या यादीत सोलोइकिस्मोसवर स्वतंत्र ग्रंथ नोंदलेला आहे. सोलोइच्या माणसाने सोलोइकिस्मोसवर ग्रंथ लिहावा यातली गंमत त्याच्या समकालीनांना जाणवली असेलच. झेनोविषयी डायोजेनीसनेच एक आठवण दिली आहे. निर्दोष, घोटीव भाषणांना तो अलेक्झांड्रियाच्या नाण्यांची उपमा देई: दिसायला सुबक, गोलाईत नेटकी, पण तेवढ्याने मोलाने अधिक नाहीत. त्याउलट भाषणे अथेन्सच्या चौद्राम नाण्यांसारखी, ओबडधोबड ठोकलेली. पण तराजूत घातली की पुष्कळदा तीच जड भरतात. या ओबडधोबडपणासाठी त्याने वापरलेले क्रियाविशेषण ‘सोलोइकोस’पासूनच झालेले आहे.

रोमन परंपरेतील चर्चा मी थोडक्यात उरकतो, कारण तिच्यात सूक्ष्मता असली तरी नवे फारसे नाही. एक मुद्दा मात्र मराठी वाचकाने सोडू नये असा आहे. एका शब्दात सोलोइकिस्मोस घडू शकतो काय, या प्रश्नावर क्विन्टिलियनने विचार केला आहे. एकट्या माणसाला जवळ बोलाविताना अनेकवचनी ‘या’ म्हटले, तर शब्द शुद्ध असूनही प्रसंगाशी न जुळल्यामुळे दोष होतो, अशा आशयाचे उदाहरण तो देतो. लॅटिनमध्ये हा दोष खरा. मराठीत वडीलधाऱ्या एकट्या माणसाला ‘ये’ म्हणणे हाच दोष! तेव्हा ‘जुळणे’ हे देखील केवळ व्याकरणाच्या कोष्टकातून ठरत नाही. समोर कोण उभे आहे यावर ते अवलंबून राहते. इ. स. च्या दुसऱ्या शतकातील वक्ता पोलेमो याने तर रंगभूमीवर झ्यूसचे नाव घेताना जमिनीकडे आणि पृथ्वीचे नाव घेताना आकाशाकडे हात करणाऱ्या नटाने हातानेच सोलोइकिस्मोस केला, असा शेरा मारला होता. तोपर्यंत शब्द व्याकरणाबाहेरही हिंडू लागला होता. झेनोफोनने त्याच्याही पुष्कळ आधी तो एका माणसाच्या रीतीभातीतील गबाळेपणाला लावला आहे, आणि इंग्रजीतही त्याला शिष्टाचारभंगाचा अर्थ आहेच.

आपल्या ‘अपशब्दा’चा प्रवास याच दिशेने झाला. पतंजलीच्या काळी व्याकरणाला न जुळणारे रूप ते अपशब्द. ‘गौः’ हे साधुरूप, आणि ‘गावी’, ‘गोणी’, ‘गोता’ ही त्याची अपभ्रष्ट रूपे, हे महाभाष्यातील उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. तोच अपशब्द मराठीत येईपर्यंत शिवी झाला. महाभाष्याच्या पस्पशाह्निकात अपशब्दाचा म्लेच्छाशी संबंध जोडला आहे आणि चुकीच्या उच्चारामुळे असुरांचा पराभव झाला ही कथाही आहे. तेवढीच आठवणीत ठेवून पुष्कळदा पतंजलीला भाषिक सोवळ्याचा पुरस्कर्ता ठरविले जाते. पण त्याच आह्निकात यर्वाणस्तर्वाण नावाच्या ऋषींची गोष्ट आहे, ती विसरली जाते. ‘यद्वा नः, तद्वा नः’ म्हणावयाचे तेथे हे ऋषी ‘यर्वाणः, तर्वाणः’ म्हणत, आणि म्हणून त्यांना ते नावच पडले. तरीही ते ज्ञानी होते, आणि त्यांना काही बाधा झाली नाही, कारण यज्ञकर्मात ते तसे बोलत नसत. असुर बोलले म्हणून ते हरले. दोष बोलणाऱ्याच्या जातकुळीत नाही, प्रसंगात आहे, असे पतंजली येथे स्वच्छ सांगतो. हिरोडोटसच्या उताऱ्यापेक्षा ही भूमिका कितीतरी पुढची आहे.

हे सर्व प्राचीनांपुरते राहिले असते तर या टिपणाचे प्रयोजन मर्यादित झाले असते. काही वर्षांपूर्वी एका तोंडी परीक्षेत मी सहपरीक्षक होतो. उमेदवार विद्यार्थिनी कोल्हापूरकडची होती. मराठीतील कर्तरी आणि कर्मणी प्रयोगांविषयी तिने दिलेली उत्तरे त्या दिवसातील उत्तम उत्तरांपैकी होती. बोलण्याच्या भरात ती दोन-तीनदा ‘मी असं समजतो’, ‘मी हे वाचलो नव्हतो’ असे म्हणाली. ज्येष्ठ परीक्षकांनी गुणपत्रकावर शेरा लिहिला: ‘भाषा अशुद्ध’. त्या कागदावर माझीही सही आहे.

आज त्या शेऱ्याचा विचार करताना वाटते की, त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दाखाली गेल्या. ‘मी हे वाचलो नव्हतो’ याविषयी प्रमाण मराठीच्या दृष्टीने रचनेचा आक्षेप घेता येईल. ‘वाचणे’चा भूतकाळी प्रयोग तेथे ‘मी हे वाचले नव्हते’ असा होतो. परंतु ‘मी समजतो’ याचे काय? कोल्हापूरकडील स्त्रियांच्या बोलण्यात प्रथमपुरुषी एकवचनी क्रियापदाला लिंगभेद नाही. ‘मी जातो’, ‘मी आलो’ असे त्या सहज म्हणतात, आणि तृतीयपुरुषात ‘ती गेली’ असेच म्हणतात. ही विसंगती नाही, नियम आहे. आणि तो नियम प्रमाण मराठीला परकाही नाही. ‘आम्ही जातो’, ‘आम्ही आलो’ हे प्रमाण मराठीत स्त्रिया आणि पुरुष सारखेच म्हणतात. ‘मी जाईन’ यातही लिंग दिसत नाही. प्रमाण बोलीने जे अनेकवचनात केले ते त्या बोलीने एकवचनातही केले, एवढाच फरक. स्टोइकांच्या व्याख्येची फूटपट्टी लावली तर ‘मी समजतो’ या वाक्यात न जुळणारे काही नाही. तेथे जो दोष दिसला तो हिपोनाक्सच्या अर्थाचा होता: ही आपल्यातली नव्हे.

सतराव्या शतकात तंजावरला गेलेल्या मराठी कुटुंबांच्या बोलीविषयी पुण्यामुंबईकडे जे उद्गार काढले जातात त्यांतही सोलोइची कथाच ऐकू येते. गेले ते बिघडले, राहिले ते शुद्ध राहिले. मायभूमीतील भाषा या तीन शतकांत जागची हलली नाही असे गृहीत धरल्याशिवाय हा निष्कर्ष निघत नाही, आणि ते गृहीत कोणताही भाषाशास्त्रज्ञ मान्य करणार नाही.

आता मूळ प्रश्न, प्रतिशब्दाचा. संस्कृत साहित्यशास्त्रातील ‘च्युतसंस्कृति’ हा मम्मटाच्या दोषगणनेतील शब्द विद्वत्तापूर्ण आहे, पण त्यात शब्द आणि वाक्य असा भेद नाही, आणि आजच्या वाचकाला तो संस्कृती ढळल्याचा भास करून देईल; तो आपल्याला मुळीच नको आहे. भामह-दंडींच्या यादीतील ‘शब्दहीन’ हा नावाप्रमाणेच शब्दापाशी थांबतो. ‘ग्राम्य’ तर ‘आग्रोइकोस’चाच भाऊ, दोष सांगण्याऐवजी दोषी कुठे राहतो ते सांगणारा. स्टोइक आणि रोमन वैयाकरणांच्या पारिभाषिक अर्थासाठी मी यापुढे ‘अन्वयदोष’ हा शब्द वापरीन. घटकांची परस्पर संगती एवढेच तो सांगतो, कोणाचे गाव सांगत नाही. क्विन्टिलियनच्या ‘या’ला तो थोडा अपुरा पडतो, हे मान्य.

हिपोनाक्सच्या प्रयोगाला हा शब्द चालणार नाही. तेथे ‘परका’ म्हणावे आणि मूळ शब्द शेजारी द्यावा. हिरोडोटसच्या क्रियापदाला मात्र मराठीत आयता शब्द आहे: सौरोमाटाय ‘मोडकी’ सिथियन बोलतात. मराठीत मोडकीतोडकी भाषा बोलतो असे आपण ज्याच्याविषयी म्हणतो, तो नेहमी दुसऱ्याची भाषा शिकलेला माणूस असतो.